घाटात घसरल्यावर कातडी कोणतं कापड वाचवतं? रायडिंग पँटबद्दल सल्ला हवा

मुळशीवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ ताम्हिणीत घसरला. वेग फार नव्हता, पन्नासच्या आसपास. वळणावर बारीक खडी पसरलेली, पुढचं चाक निसटलं आणि गाडी एकीकडे, हा दुसरीकडे. डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, अंगात मेशचं, म्हणजे जाळीदार कापडाचं जॅकेट होतं. पायात मात्र रोजची जीन्स.

वरच्या अंगाला काहीही झालं नाही. जॅकेटच्या कोपरावर कापड चकाकल्यासारखं झालंय, एवढंच. जीन्सला मात्र उजव्या ढोपरावर तळहाताएवढं भोक. त्याच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या नाहीत, पिंजलेल्या कापसासारख्या आहेत. खाली ढोपराची सालं गेलेली आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला वीतभर लांब ओरखडा. हाड शाबूत आहे, पण अडीच आठवडे तो नीट बसू शकला नाही.

ती जीन्स आईने टाकू दिली नाही. धुऊन घडी करून कपाटात ठेवलीय. म्हणते, पुन्हा गाडी काढशील तेव्हा आधी ही बघ.

दोघांसाठी पँट घ्यायची आहे. रोज पुणे ते पिरंगुट जाणं-येणं, महिन्यातून एक-दोनदा घाट. दुकानात गेलं की कोणी केव्हलार म्हणतं, कोणी कॉर्ड्युरा, कोणी सांगतं चामड्याशिवाय सगळं फुकट. प्रत्येकी आठ-दहा हजारांपर्यंत तयारी आहे. खरंच कोणतं कापड टिकतं? घसरलेल्यांनी लिहावं, ही विनंती.

कोकणकडा

भाऊ बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. केव्हलारचं अस्तर असलेली जीन्स घ्या. दिसायला साधी, ऑफिसातही चालते. मी चार वर्षं वापरतोय.

इचलकरंजीचा_माग

कापडात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कॉर्ड्युरा हे कापडाचं नाव नाही, ब्रँडचं आहे. त्या नावाखाली बरीच वेगवेगळी कापडं येतात. त्यातलं ओळखीचं म्हणजे नायलॉन ६,६ च्या मजबूत धाग्याचं, पण सुतात तोच नायलॉन मिसळलेलं डेनिमही त्याच नावाने मिळतं. त्यामुळे बाहीवर बिल्ला शिवलाय म्हणजे सगळं जॅकेट त्याचंच, असं धरू नका. बऱ्याचदा खांद्या-कोपरावर ते असतं आणि बाकी साधं पॉलिस्टर.

दुसरी गोष्ट डेनियर. ६०० डी, १००० डी असं लिहिलेलं असतं, तो धाग्याच्या जाडीचा आकडा. ९००० मीटर धाग्याचं वजन ६०० ग्रॅम भरलं की तो ६०० डेनियर. धागा कशाचा आहे ते यातून कळत नाही. ५०० डेनियरचं चांगलं नायलॉन ६०० डेनियरच्या स्वस्त पॉलिस्टरपेक्षा घासायला जास्त टिकू शकतं. दुकानदार फक्त आकडा सांगत असेल तर पुढचा प्रश्न विचारा: धागा कोणता?

आता डांबरावर काय होतं ते बघा. घासलं की उष्णता येते. पॉलिस्टर आणि नायलॉन ६,६ दोन्ही साधारण २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. साधं नायलॉन ६ त्याआधीच, २२० ला. तुमच्या जॅकेटचं कोपर चकाकतंय ना, ते वितळून गुळगुळीत झालेले तंतू आहेत. कापूस वितळत नाही, पण त्याचे तंतू आखूड. पीळ सुटला की ते एकेक करून निघून येतात. म्हणून जीन्सच्या भोकाच्या कडा पिंजल्यासारख्या दिसल्या. तुम्ही नीट पाहिलंत.

केव्हलार म्हणजे ॲरामिड जातीचा कृत्रिम धागा. १९६५ मध्ये ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी तो शोधला. टायरसाठी हलका आणि ताकदीचा धागा हवा होता, त्या कामात. तो वितळत नाही. फार तापला तर करपतो, पण त्यासाठी साडेचारशे अंशांच्या वर जावं लागतं. रायडिंगच्या कपड्यात त्याची किंमत यासाठी आहे. खोट दोन ठिकाणी: ऊन त्याला खातं आणि ब्लीच त्याला मारतं.

डायनिमा हा पॉलिथिलीनचा धागाही आता जीन्समध्ये येतो. वजनाला हलका आणि ताकदीला जबरदस्त, पण १४५ अंशांच्या आसपासच वितळतो. म्हणून तो बहुधा दुसऱ्या धाग्यात मिसळून विणलेला असतो. मिश्रण नीट केलं असेल तर उत्तम चालतो.

कोकणकडा

दंडवत! मी चार वर्षं ती जीन्स गच्चीवर भर उन्हात वाळत घालतोय. आज आत्ता आत आणली.

इचलकरंजीचा_माग

बाहेरून डेनिमचं आवरण आहे, त्यामुळे अस्तराला थेट ऊन कमी लागलं असेल. उलटी करून वाळवत असाल तर मात्र बघा. पिवळा धागा तपकिरी झाला असेल आणि नखाने ओढल्यावर तुटत असेल तर ती पँट रायडिंगची राहिली नाही.

कोकणकडा

उलटीच घालत होतो. बघतो उद्या उजेडात.

रोजचा_प्रवासी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. महाराष्ट्रात लाखो लोक साध्या पँटमध्ये गाडी चालवतात. दहा हजारांची पँट त्यांच्या कामाची नाही. भाऊ पडला तो खडीमुळे. वळणावरची खडी झाडायची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना कोणी विचारत नाही, आणि आपण मात्र चिलखतं विकत घेत सुटलोय. आमच्या रस्त्याचं काम संपून दीड वर्ष झालं, कडेची खडी अजून तिथेच आहे. दोनदा लेखी तक्रार दिली.

शुश्रूषा

@रोजचा_प्रवासी, खडीबद्दलचा तुमचा राग शंभर टक्के पटतो. पण ती झाडली जाईपर्यंत माणसं पडतच राहणार, आणि ती आमच्याकडे येतात. मी अपघात विभागात परिचारिका आहे, चौदा वर्षं.

‘नुसतं खरचटलंय’ म्हणून आलेल्या जखमेचं काय करावं लागतं ते सांगते. आधी ती धुवायची. नुसत्या पाण्याने खडे निघत नाहीत, डांबराची बारीक भुकटी मांसात रुतलेली असते. मग भूल देऊन मऊ ब्रशने घासायची, उरलेले खडे चिमट्याने एकेक करून काढायचे. ते राहिले तर वरून कातडी भरून येते आणि आत काळा-निळा डाग गोंदल्यासारखा कायमचा राहतो. जखम खोल असेल तर दुसरीकडची कातडी काढून लावावी लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळंच.

मोठी माणसं रडताना मी हाड मोडल्यावर कमी आणि हे ड्रेसिंग बदलताना जास्त पाहिली आहेत.

अजून एक. पातळ पॉलिस्टरच्या ट्रॅक पँटमध्ये पडलेल्यांचं कापड जखमेला चिकटलेलं असतं. वितळून थंड झालेलं. ते सोडवणं पेशंटला आणि आम्हाला दोघांनाही नको वाटतं. त्यापेक्षा जीन्स बरी.

मुळशीवाट, भावाच्या ढोपराला आता ऊन लागू देऊ नका. नवी कातडी लवकर काळवंडते.

मुळशीवाट

ताई, मनापासून आभार. हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्याच्या ढोपरात एक काळा ठिपका राहिलाय खरा.

शुश्रूषा

डॉक्टरांना दाखवून घ्या. लवकर दाखवलेलं बरं असतं.

खडूफळा

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही. कापड आणि डांबर यांच्यातला घर्षणांक ०.७ धरू. म्हणजे घसरणाऱ्या माणसाचा वेग दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो.

ताशी ५० वरून थांबायला २ सेकंद आणि १४ मीटर.
ताशी ८० वरून थांबायला सव्वातीन सेकंद आणि ३६ मीटर.

वेग दीडपटीहून थोडा जास्त झाला, तर अंतर अडीचपट. गडगडत गेलात, मध्ये दुभाजक आला, तर गणित बदलतं. पण कापडाने किती वेळ तग धरायला हवा याचा अंदाज येतो. दोन ते सव्वातीन सेकंद. ऐकायला किती थोडं वाटतं. मुलांना वर्गात दोन सेकंद हाताचा तळवा बाकावर जोरात घासायला सांगतो. अर्ध्यातच हात उचलतात.

ऱ्हाईनकाठी

खडूफळा सर, याच हिशोबावर इकडे युरोपात पूर्वीची चाचणी होती. केंब्रिजचं यंत्र म्हणतात त्याला. ६० नंबरच्या खरखरीत पट्ट्यावर, सेकंदाला ८ मीटर वेगाने, कापडाचा तुकडा टेकवायचा आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ढोपर-कोपरासारख्या जागी पहिल्या पातळीला ४ सेकंद लागत, दुसऱ्या पातळीला ७. साधी जीन्स तिथे सेकंदभरातच हार मानते.

मी फ्रँकफुर्टला असतो. इथून अर्ध्या तासावर डार्मश्टाट आहे, आणि आताच्या मानकातलं यंत्र त्या गावाच्या नावाने ओळखलं जातं. ईएन १७०९२, सन २०२०. यात कापडाचे तुकडे फिरत्या दांड्यांवर लावतात, ठरलेला वेग आला की खाली काँक्रीटवर सोडतात आणि आपोआप थांबेपर्यंत घासू देतात. खऱ्या पडण्यासारखंच, वेग हळूहळू कमी होत जातो.

लेबलवर एए वगैरे अक्षरं दिसतात त्यांचा अर्थ असा. खांदे, कोपर, नितंब, ढोपर या सगळ्यात जास्त मार लागणाऱ्या जागी:

एएए – साधारण ताशी १२० किमीच्या घसरणीला तोंड देईल असं
एए – ताशी ७०
ए – ताशी ४५

बाकीच्या जागी अपेक्षा कमी होत जाते. ‘ए’ वर्गात तर पोटरीच्या आतल्या बाजूला, काखेखाली घासण्याची चाचणीच नाही. म्हणून मेश जॅकेटं बहुतेक ‘ए’ मध्ये असतात. ‘बी’ म्हणजे घासण्याला ‘ए’ सारखंच, पण पॅड नाहीत. ‘सी’ म्हणजे पॅड धरून ठेवणारी जाळी. तिच्यासोबत दुसरं कापड हवंच.

लेबल आतल्या बाजूला शिवलेलं असतं. त्यावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि ही अक्षरं. ती नसतील तर बाकी जाहिरात वाचायची गरज नाही.

वडगावचा_रायडर

मी यातच फसलो. ऑनलाइन पँट घेतली, मोठ्या अक्षरात ‘सीई प्रमाणित’, म्हणजे युरोपच्या नियमांत बसणारी. घरी आल्यावर उलटीपालटी करून पाहिली. पँटवर लेबलच नाही. ढोपराच्या पॅडवर शिक्का होता, तेवढाच. कंपनीला विचारलं तर उत्तर, “सर, पॅड सीई आहेत ना.” कापड काय आहे याचं उत्तर आजतागायत नाही.

ऱ्हाईनकाठी

हे फार चालतं. पॅडचं मानक वेगळं, ईएन १६२१. ते धक्का किती शोषला जातो हे सांगतं, कापडाबद्दल चकार शब्द नाही. आणि एक बारीक गोष्ट: ‘ए’ वर्गाच्या पँटला नितंबाचे पॅड सक्तीचे नाहीत, ‘एए’ ला आहेत. जॅकेटला पाठीचा पॅड तर कोणत्याच वर्गात सक्तीचा नाही. त्या खिशात बरेच जण नुसता स्पंजचा तुकडा घालून देतात. काढून दाबून बघा.

कोल्हापुरी_बुलेट

मंडळी, एवढी अक्षरं आणि आकडे वाचून डोकं गरगरलं. कातडं घ्या की भावांनो! माझं गाईच्या चामड्याचं जॅकेट बारा वर्षं झाली. दोनदा पडलोय, एकदा निपाणीजवळ चांगला सत्तरच्या वेगात. पॉलिश केलं आणि पुन्हा घातलं.

इचलकरंजीचा_माग

चामड्याला मान आहेच. त्याचे तंतू सगळ्या दिशांना गुंतलेले, ताणा-बाणा नाही, त्यामुळे एक धागा तुटला म्हणून उसवत जात नाही. पण जाडी बघा. रायडिंगचं १.२ ते १.४ मिमी असतं. फॅशनसाठी शिवलेलं त्याच्या निम्मं. हाताला मऊ लागतं म्हणून आवडतं, आणि रस्त्यावर कागदासारखं जातं.

कोल्हापुरी_बुलेट

माझं आत्ता कॅलिपरने मोजलं. दीड मिमी. घालून पायऱ्या चढलो की बायको म्हणते, दादल्या, रेडा चालतोय काय वर!

संत्रानगरी

बुलेटभाऊ, मे महिन्यात ते घालून नागपूरला या. बर्डीवरून छत्रपती चौकापर्यंत जाल, तिथे उतरून मीच तुम्हाला ताक पाजीन.

गमतीचं सोडा. इथे ४५ अंशांत जो कपडा अंगात राहतो तोच कपडा खरा. माझ्याकडे एएए चा सूट आहे, दिवाळी ते होळी घालतो. उरलेले महिने मेश. कमी वर्गाचं असलं तरी अंगात असतं. एक उपाय सांगतो: आतला सुती बनियन पूर्ण ओला करायचा, पिळायचा, वर जॅकेट, पुढची झिप थोडी उघडी. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि तासभर गारवा राहतो. पेट्रोल पंपावर थांबून पुन्हा ओला करायचा.

कोकणकडा

हे आमच्या रत्नागिरीला चालत नाही. हवाच ओली, बनियन वाळतच नाही, नुसता चिकचिकाट.

ऱ्हाईनकाठी

@संत्रानगरी, तुमच्यासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची मोटोकॅप योजना बघण्यासारखी आहे. २०१८ पासून ते दुकानातून कपडे विकत आणून तपासतात आणि दोन वेगवेगळे गुण देतात: एक संरक्षणाला, एक उष्णतेत किती सोसवतं त्याला. केंब्रिजचंच यंत्र वापरतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अपघात झालेल्या २१२ जणांचे कपडे तपासले होते. जॅकेटांपैकी सुमारे ३० टक्के घासून, फाटून किंवा उसवून निकामी झालेली निघाली, पँटांपैकी २८ टक्के. ‘रायडिंगचं’ म्हणून विकलेलं सगळंच टिकत नाही, हे त्यातून नीट दिसलं.

गोदातीर

या सगळ्यात एक गोष्ट कोणीच बोललं नाही. बायकांच्या मापाचं काय? मी पाच वर्षं पुरुषांची ‘स्मॉल’ पँट वापरली. कंबर सैल, नितंबाला घट्ट, आणि ढोपराचा पॅड माझ्या नडगीवर. एकदा सिन्नरच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं, पडले. कापडाला काही नाही झालं. पॅड मात्र फिरून पायाच्या मागच्या बाजूला गेला आणि ढोपर सरळ आपटलं. चांगलं कापड, चांगला पॅड, आणि दोन्ही चुकीच्या जागी.

तेव्हापासून दुकानात पँट घालून गाडीवर बसल्याशिवाय घेत नाही. दुकानात गाडी नसेल तर बाहेर माझी उभी असते. बसल्यावर ढोपर वाकतं तेव्हा पॅडचा मधला भाग वाटीवर हवा, आणि हाताने धरून हलवला तर बोटभरापेक्षा जास्त सरकायला नको.

शुश्रूषा

+१०० गोदातीर.

छंदी_सुतार

गेल्या रविवारी हा धागा वाचला आणि कारखान्यात गेलो. माझ्याकडे पट्ट्याचं सँडर आहे, त्याला ६० नंबरचा पट्टा लावला. लाकडाच्या ठोकळ्यावर कापडाचे तुकडे ताणून बांधले, वर एकच वजन ठेवलं आणि एकेक करून टेकवले. प्रयोगशाळा नव्हे, पट्ट्याचा वेगही मोजलेला नाही. डोळ्यांनी जे दिसलं ते लिहितो.

जुनी जीन्स: टेकवली न टेकवली तोच धूळ उडाली आणि ठोकळा दिसू लागला.

जुन्या बॅगेचं जाड पॉलिस्टर: जीन्सपेक्षा टिकलं, पण जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. कडेला काळी कडक गाठ झाली. गार झाल्यावर नखाने उकरली तर काचेसारखी टोचते. ताईंनी लिहिलेलं आठवलं आणि पोटात कालवलं.

फाटक्या रायडिंग जीन्सचं पिवळं विणीचं अस्तर: केसाळ होत गेलं, ताणलं गेलं, पण बराच वेळ भोक पडलं नाही.

चामडं (सोफ्याचं नाही, जुन्या हातमोज्याच्या तळव्याचं): सगळ्यात जास्त.

नंतर सहज म्हणून त्याच रायडिंग जीन्सची शिवण ठोकळ्याच्या मध्ये येईल असा तुकडा बांधला. पट्टा लागताच वरचे टाके गेले आणि दोन्ही पदर उघडले. आतलं एवढं दणकट कापड तसंच्या तसं, आणि मधून फट. मी दोनदा करून पाहिलं.

इचलकरंजीचा_माग

सुतारदादा, या धाग्यातली सगळ्यात मोलाची नोंद तुमची. आम्ही कापडवाले कापडाचंच कौतुक करत बसतो. शिवण बाहेर उघडी असली की धागा आधी घासतो. चांगल्या पँटमध्ये एक तरी ओळ आत लपवलेली असते. वरची गेली तरी आतली धरून ठेवते. पँट उलटी करा, दोन्ही हातांनी शिवण ओढा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ठेवून द्या.

रोजचा_प्रवासी

सुतारदादांचा प्रयोग वाचून मुलाला बोलावून दाखवला. तो रोज बावीस किलोमीटर कॉलेजला जातो, ट्रॅक पँट घालून. खडीबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, तिसरी तक्रारही देणार आहे. पण ट्रॅक पँट बंद.

खाऊ_पोचवतो

मी डिलिव्हरी करतो, दिवसाला दहा-अकरा तास गाडीवर. इथे सगळे दहा हजार, बारा हजार बोलतायत. माझ्याकडे दीड हजार आहेत. त्यात काय घेऊ? खरंच विचारतोय.

गोदातीर

दादा, चांगलं केलंत विचारलंत. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून पहिले तळव्याला चामडं असलेले हातमोजे. मग पँटवरून पट्ट्याने बांधायचे ढोपराचे गार्ड, बाहेरून कडक कवच असलेले. ते घासत नाहीत, घसरतात. दोन्ही मिळून तुमच्या पैशात बसेल. पायात चप्पल नको, घोट्याच्या वरपर्यंत येणारा बूट. आणि जाड जीन्स.

कोल्हापुरी_बुलेट

कंबर किती रं तुझी? माझ्याकडे एक टेक्स्टाइलची पँट पडून आहे, ३४ ची. माझं पोट आता त्यात मावत नाही. पडलेली नाही, नुसती जुनी. पुण्यात असशील तर माझा भाचा कोथरूडला असतो, त्याच्याकडे धाडतो. पैशाचं नाव काढू नको.

खाऊ_पोचवतो

३२ आहे, पट्टा लावीन. पुण्यातच आहे. काय बोलू कळत नाही.

मुळशीवाट (तीन आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर आणतोय. पँटा घेतल्या.

चार दुकानं फिरलो. पहिल्या दोन ठिकाणी पँट उलटी करून शिवण ओढायला लागलो तर सेल्समन घाबरला. तिसऱ्याला लेबल विचारलं, तो म्हणाला, “साहेब, इम्पोर्टेड माल आहे.” लेबल नव्हतं. चौथ्या दुकानातल्या मुलाने न विचारता आतलं लेबल उघडून दाखवलं आणि गाडीवर बसून बघा म्हणाला. तिथेच घेतली.

भावासाठी एए ची जीन्स, साडेअकरा हजार. बजेटच्या वर गेली, पण ढोपराच्या पॅडचा खिसा दोन उंचींवर लावता येतो आणि त्याला खालचा बरोबर बसला. माझ्यासाठी ‘ए’ ची मेश पँट, रोजच्या पिरंगुटला. घाटात जाताना त्याचीच जीन्स मला होते का, तेही बघून ठेवलंय. होते.

आईने नवी पँट हातात घेतली, आतून-बाहेरून चाचपली, पॅड दाबून बघितले आणि विचारलं, “गरम नाही होणार?” तो म्हणाला होईल. “होऊ दे,” म्हणाली. जुनी जीन्स अजून कपाटातच आहे.

शुश्रूषा

ठिपका दाखवला का?

मुळशीवाट

दाखवला ताई. दोन खडे निघाले.

खाऊ_पोचवतो

बुलेटदादा, पँट मिळाली. भाच्याने चहाही पाजला. चार दिवस घालतोय, पट्टा लावून बरोबर बसते. मागदादांनी सांगितलं तसं उलटी करून शिवणी ओढल्या. सगळ्या ठीक, फक्त डाव्या ढोपराच्या बाहेरची चार बोटं उसवलीय, उजेड दिसतो. आमच्या चाळीत शिलाई मशीन आहे. तिथे मारून घेऊ का?

कोल्हापुरी_बुलेट

आरं, ते माझ्या लक्षातच आलं नाही बघ. माफ कर गड्या.

इचलकरंजीचा_माग

घरच्या मशीनवर साध्या सुती धाग्याने नको, तो पहिल्या घासणीत जाईल. बॅगा आणि बूट शिवणाऱ्याकडे जा, त्याच्याकडे बॉन्डेड नायलॉनचा जाड धागा असतो. आधी ढोपराचा पॅड काढून ठेवा. त्याला सांगा, जुन्या भोकांतूनच टाका घे, नवी भोकं कमीत कमी पाड, आणि दोन ओळी मार, एक आतून. दोन्ही टोकांना उसवलेल्या जागेच्या पुढे बोटभर चांगल्या शिवणीवरही टाके जाऊ देत. झाल्यावर परत ओढून बघा आणि फोटो इथे टाका.